खगोलशास्त्राचा पहिला कोर्स : प्रयोग आणि आकाशदर्शन वेळेत पूर्ण कसं करावं?

खगोलशास्त्राचा कोर्स पहिल्यांदाच घेणाऱ्यांची तारांबळ उडते ती सत्राच्या शेवटच्या पंधरवड्यात. तासांना हजेरी लागलेली असते, पाठ्यपुस्तकही बऱ्यापैकी वाचून झालेलं असतं, पण निरीक्षणवहीत जेमतेम दोन नोंदी असतात. मग रोज संध्याकाळी गच्ची गाठायची आणि रोज ढग बघून खाली यायचं. भौतिकशास्त्राचा प्रयोग चुकला तर पुढच्या गुरुवारी पुन्हा करता येतो. इथे प्रयोगाची सामग्री आकाशात असते आणि ती आपल्या वेळापत्रकाला जुमानत नाही. हल्ली काही कॉलेजांत आर्ट्स-कॉमर्सच्या मुलांनाही हा विषय ओपन इलेक्टिव्ह म्हणून मिळतो. त्यांना आणि विज्ञानशाखेच्या मुलांनाही उपयोगी पडेल अशा क्रमाने सांगतो.

१. सत्र निवडताना पावसाळा लक्षात घ्या

निवड तुमच्या हातात असेल तर डिसेंबर ते एप्रिलचं सत्र घ्या. जून-जुलैत सुरू होणाऱ्या सत्रात दसऱ्यापर्यंत आभाळाचा भरवसा नसतो, आणि दसऱ्यानंतर परीक्षा तोंडावर येते. जानेवारी-फेब्रुवारीत मात्र संध्याकाळीच मृग, रोहिणी, कृत्तिका, व्याध आणि दक्षिणेला खाली अगस्ती असा सगळा मालमसाला समोर असतो, हवाही कोरडी असते. पावसाळी सत्रच घ्यावं लागलं, तर वर्णपट (प्रकाशाची रंगांत केलेली फोड) आणि संगणकावरचे प्रयोग जुलै-ऑगस्टमध्ये उरकून टाका आणि ऑक्टोबर पूर्ण मोकळा ठेवा.

प्रवेश घेण्याआधी तीन गोष्टी विचारा: आकाशनिरीक्षणाला किती गुण आहेत, कॉलेजची स्वतःची दुर्बीण आहे का आणि ती मुलांच्या हाती देतात का. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर नीट ऐका. कपाटात बंद असलेल्या महागड्या दुर्बिणीपेक्षा रोज गच्चीवर निघणारी सहा इंची डॉब्सोनियन (साध्या बैठकीवरची आरशाची दुर्बीण) शतपटीने बरी.

२. पहिल्याच आठवड्यात दिनदर्शिका घेऊन बसा

भिंतीवरच्या दिनदर्शिकेतल्या तिथी इथे फार कामाच्या. अमावास्येच्या आगेमागे येणारे शनिवार-रविवार अंधुक गोष्टींसाठी राखून ठेवा: मृगाच्या (म्हणजे ओरायन या शिकाऱ्याच्या) तलवारीतला तेजोमेघ, देवयानी (अँड्रोमेडा) दीर्घिका, तारकागुच्छ. शुद्ध षष्ठी ते नवमी चंद्रासाठी ठेवा. तेव्हा उजेड-अंधाराच्या सीमेवर विवरांच्या सावल्या लांब पडतात आणि डोंगरांची उंची सावलीवरून काढता येते. पौर्णिमेला चंद्र बघून काही मिळत नाही, सगळं सपाट दिसतं. ग्रह मात्र चांदण्यातही चालतात.

प्रत्येक निरीक्षणासाठी किमान तीन तारखा धरा. एक ढगांची, एक घरच्या लग्नाची आणि एक खरोखर हाती लागणारी.

शहराबाहेर जाण्याची सोय कॉलेज करत नसेल, तर हौशी संस्थांकडे वळा. पुण्यात १९४४ पासून काम करणारी ज्योतिर्विद्या परिसंस्था आहे, मुंबईत खगोल मंडळ आहे. मुंबईकर आकाशवेडे वर्षानुवर्षं वांगणीला जातात ते उगाच नाही. त्यांच्या रात्रभराच्या कार्यक्रमात एकदा तरी जा. तीस जणांच्या वर्गात दुर्बिणीपाशी जेवढा वेळ मिळतो, त्याहून कितीतरी जास्त तिथे मिळतो.

३. गणिताची भीती आधीच काढून टाका

लागणारं गणित दहावी-बारावीचं आहे: दहाचे घात, लॉगरिथम, थोडी त्रिकोणमिती. ताऱ्यांच्या प्रतींचं, म्हणजे तेजस्वितेचं, माप उलटं चालतं हे एकदा डोक्यात बसवा. प्रत जितकी लहान तितका तारा तेजस्वी, आणि पाच प्रतींचा फरक म्हणजे तेजात शंभर पट फरक. कोनाच्या मापांची सवय हातानेच करा. हात ताठ पुढे धरला की मूठ सुमारे १० अंशांची, करंगळी सुमारे १ अंशाची. चंद्र अर्ध्या अंशाचा, म्हणजे करंगळीआड सहज लपतो. कोणी विश्वास ठेवत नाही, करून बघा.

४. दुर्बिणीशी ओळख दिवसाउजेडी

मुलं पहिली रात्र वाया घालवतात ती शोधकदुर्बिणीपायी. मुख्य नळीवर बसवलेली ही छोटी दुर्बीण आणि मोठी दुर्बीण एकाच दिशेला बघत नसतील, तर रात्री गुरूसुद्धा सापडत नाही. हे काम दुपारी चारला करायचं. किलोमीटरभर लांबचा मोबाइल टॉवर मोठ्या दुर्बिणीत मधोमध आणा, मग शोधकाचे स्क्रू फिरवून तेच टोक तिच्या फुलीवर आणा. हे करताना सूर्याच्या आसपास दुर्बीण फिरकू देऊ नका. मोठ्या दुर्बिणीच्या तोंडावर अधिकृत सौरफिल्टर लावल्याशिवाय सूर्याकडे बघायचं नाही, आणि सूर्याचं निरीक्षण करताना शोधकावर झाकण हवंच. एका क्षणात डोळा कायमचा जाऊ शकतो.

वर्धनाचा हिशेब सोपा आहे. १२०० मिमी नाभीय अंतराच्या दुर्बिणीला २५ मिमीचा आयपीस (डोळ्याजवळचं भिंग) लावला की १२०० भागिले २५, म्हणजे ४८ पट. सुरुवात नेहमी याच कमी ताकदीच्या आयपीसने करा. जास्त वर्धन म्हणजे जास्त स्पष्ट, हा गैरसमज दुकानदार पसरवतात.

आता एक छोटा, पण परीक्षकाला हमखास आवडणारा प्रयोग. मृगाच्या पट्ट्यातला सर्वांत वरचा, म्हणजे पश्चिमेकडचा तारा खगोलीय विषुववृत्ताच्या (पृथ्वीच्या विषुववृत्ताच्या बरोबर वर आकाशात कल्पिलेल्या वर्तुळाच्या) अगदी जवळ आहे. तो दृष्टिक्षेत्राच्या एका कडेला आणा, दुर्बीण सोडून द्या आणि क्षेत्र बरोबर मधून ओलांडायला त्याला किती वेळ लागतो ते मोजा. पृथ्वी चार मिनिटांत एक अंश फिरते. तारा चार मिनिटांनी बाहेर गेला तर तुमचं क्षेत्र एक अंशाचं. शिवाय तो ज्या कडेने बाहेर गेला ती पश्चिम. आरशाच्या दुर्बिणीत प्रतिमा उलटी असते, त्यामुळे रेखाटनावर दिशा टाकताना हाच उपाय खात्रीचा.

५. रात्रीची शिस्त

डोळे अंधाराला सरावायला वीस ते तीस मिनिटं लागतात आणि मोबाइलचा पडदा एका सेकंदात त्यावर पाणी फिरवतो. टॉर्चला लाल जिलेटीन कागद लावा. अंधुक गोष्टीकडे थेट न बघता जरा बाजूला नजर ठेवा. देवयानी दीर्घिकेचा विस्तार तेव्हाच जाणवतो. २५ लाख प्रकाशवर्षांवरून आलेला तो प्रकाश फोटोतल्यासारखा रंगीत नसतो, राखाडी धूसर ठिपका असतो. वहीत तसंच लिहा.

नोंद जागेवरच आणि पेन्सिलीने करा, कारण दव पडल्यावर शाईचे डाग होतात. तारीख, वेळ, ठिकाण, आभाळाची स्थिती, दुर्बीण, आयपीस आणि रेखाटन एवढं हवंच. वेळ जागतिक प्रमाणवेळेत मागितली असेल, तर भारतीय वेळेतून साडेपाच तास वजा करा आणि तारीख तपासा. १५ जानेवारीच्या पहाटेचे दोन म्हणजे जागतिक वेळेनुसार १४ जानेवारीचे २० वाजून ३० मिनिटं. अमेरिकेत शिकणाऱ्या मराठी मुलांसाठी यात आणखी एक खोच आहे. नोव्हेंबरच्या पहिल्या आणि मार्चच्या दुसऱ्या रविवारी तिथली घड्याळं सरकतात, म्हणजे सत्राच्या मधोमध वजाबाकी किंवा बेरीज बदलते. आणि बोस्टनसारख्या शहरात असाल तर अगस्ती विसरा, तो तिथे उगवतच नाही.

६. गुरूचे चंद्र: हा प्रयोग टाळू नका

एकच निरीक्षण मन लावून करायचं असेल तर हे करा. ७ जानेवारी १६१० रोजी गॅलिलिओला गुरूजवळ तीन ठिपके दिसले, १३ तारखेला चौथाही दिसला. आज साध्या दुर्बिणीत ते त्याहून चांगले दिसतात. २०२७ मध्ये गुरूची प्रतियुती (तो सूर्याच्या बरोबर विरुद्ध बाजूला, रात्रभर दिसेल असा येणं) फेब्रुवारीत आहे, त्यामुळे त्या हिवाळी सत्राला तो ऐन मोक्याला हाताशी असेल.

पद्धत अशी. वहीत एका आडव्या रेषेवर गुरूचं छोटं वर्तुळ काढा. प्रत्येक चंद्र गुरूच्या किती व्यासांइतका दूर आणि कोणत्या बाजूला, ते डोळ्याने अंदाजून मांडा. दोन तासांनी पुन्हा बघा. जो ठळकपणे सरकलेला दिसेल तो बहुधा सर्वांत आतला आयो. असं सलग पाच-सहा रात्री करा, नंतर दोन-तीन आठवडे दिवसाआड. शेवटचा कॅलिस्टो एक फेरी पूर्ण करायला जवळपास १७ दिवस घेतो, म्हणून हा प्रयोग सत्राच्या अखेरीला सुरू करणाऱ्याचं काही खरं नाही. आडव्या अक्षावर दिवस आणि उभ्या अक्षावर अंतर घेऊन आलेख काढलात की प्रत्येक चंद्राची लाट दिसू लागते. लाटेची उंची म्हणजे कक्षेची त्रिज्या, लाटेची लांबी म्हणजे फेरीचा काळ.

खरी मूल्यं अशी आहेत: आयो २.९५ व्यासांवर, १.७७ दिवस, युरोपा ४.६९ वर, ३.५५ दिवस, गॅनिमीड ७.४९ वर, ७.१५ दिवस, कॅलिस्टो १३.१७ वर, १६.६९ दिवस. आता काळाच्या वर्गाला अंतराच्या घनाने भागा. चौघांचंही उत्तर ०.१२ च्या जवळ येतं. केप्लरचा तिसरा नियम तुमच्या स्वतःच्या पेन्सिलीतून बाहेर पडतो तो असा.

तुमचं उत्तर ०.१२ येणार नाही, जास्त येईल. गुरूच्या झगमगाटामुळे त्याची चकती डोळ्यांना मोठी भासते, म्हणून व्यासांत मोजलेली सगळी अंतरं थोडी कमी भरतात. गंमत म्हणजे ती चारही चंद्रांसाठी साधारण सारख्याच प्रमाणात कमी भरतात. त्यामुळे गुणोत्तराचा आकडा बदलला तरी चौघांचा आकडा एकमेकांशी जुळतोच. अहवालात हे एक वाक्य लिहिलंत तर शिक्षकांना कळतं की या मुलाला चूक म्हणजे काय ते समजलंय.

७. दुर्बिणीविना, गॅलरीतून

शहरात अडकलात तरी दोन प्रयोग होतात. पहिला ध्रुवताऱ्याच्या उंचीचा. कोनमापक, शरबताची नळी आणि दोऱ्याला बांधलेलं नट एवढ्यावर भागतं. ध्रुवताऱ्याची क्षितिजापासूनची अंशांतली उंची म्हणजे तुमचा अक्षांश: पुण्यात साडेअठरा अंश, नागपुरात एकवीस, पणजीत साडेपंधरा. इतक्या खाली बघायचं म्हणजे उत्तरेला मोकळं क्षितिज हवं. तारा आकाशाच्या खऱ्या ध्रुवबिंदूपासून अर्ध्या अंशाहून किंचित जास्त दूर आहे, तेव्हा तेवढा फरक वेळेनुसार पडणारच.

दुसरा मला जास्त आवडतो. समोरच्या इमारतीच्या उभ्या कडेआड व्याध कोणत्या क्षणी लपतो ती वेळ सेकंदासह टिपा. चार-पाच रात्रींनी पुन्हा टिपा. तारा रोज ३ मिनिटं ५६ सेकंद आधी लपतो, कारण पृथ्वीची ताऱ्यांच्या संदर्भातली फेरी २४ तासांपेक्षा तेवढीच लहान आहे. अट एकच: डोळा दर वेळी त्याच जागी हवा. इमारत ५० मीटर लांब असेल तर डोळा एक सेंटिमीटर सरकला की जवळपास तीन सेकंदांची चूक होते. गॅलरीच्या ग्रिलला चिकटपट्टी लावा आणि कपाळ तिथेच टेकवा. शेजारी काय म्हणतील त्याची काळजी करू नका.

८. प्रयोगशाळेतला वर्णपट

हायड्रोजनच्या नळीतली ६५६ नॅनोमीटरची तांबडी आणि ४८६ ची निळसर रेषा, सोडियमच्या ५८९.० आणि ५८९.६ या जोडरेषा: इथे काम सरळ आहे, फक्त वर्णपटमापक आधी जुळवून घ्या. हेलियमची पिवळी रेषा ५८७.६ वर, सोडियमला जवळजवळ चिकटून असते. तिचा उल्लेख आला की आपल्याकडे कोणीतरी सांगतंच की १८६८ मध्ये ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ लॉकियर यांनी हेलियम विजयदुर्गावरून शोधला. ते खरं नाही. १८ ऑगस्ट १८६८ च्या त्या ग्रहणाला गुंटूरहून सूर्याचा वर्णपट तपासला तो फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ जान्सेन यांनी. लॉकियर यांनी ती रेषा ऑक्टोबरमध्ये इंग्लंडहून पाहिली. विजयदुर्गला ते आले २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणासाठी. तोंडी परीक्षेत किल्ल्याची कहाणी सांगण्याआधी हे आठवा.

संगणकावरच्या प्रयोगांबद्दल, उदाहरणार्थ कृत्तिका गुच्छातल्या ताऱ्यांचा रंग-तेज आलेख, फार सांगण्यासारखं नाही. दिलेली माहिती आलेखावर मांडायची असते. अक्षांना नावं द्या, प्रतींचा अक्ष उलटा ठेवा.

फेब्रुवारीच्या शेवटी मात्र एक दिवस काढा. २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाच्या निमित्ताने नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी ही महाकाय रेडिओ दुर्बीण लोकांसाठी खुली होते. ४५ मीटर व्यासाच्या तीस अँटेना काय मोजतात, हे तिथले शास्त्रज्ञ आणि विद्यार्थी उभ्या उभ्या समजावून सांगतात.

९. अहवाल आणि तोंडी परीक्षा

'मानवी चूक झाली' असं लिहू नका, त्याला शून्य गुण असतात. कोणती चूक, किती आणि उत्तर कोणत्या दिशेला ढकलणारी, ते लिहा. स्टेलेरियमसारखं आकाश दाखवणारं मोफत सॉफ्टवेअर निरीक्षणाच्या आधी तयारीसाठी वापरा, नंतर आकडे उतरवून घ्यायला नाही. नळी आणि दोऱ्याच्या कोनमापकाने १८.५२ अंश मोजता येत नाहीत, हे शिक्षकांना ठाऊक असतं. ढग आले तर 'ढग आले, ९.४० ला थांबलो' अशी नोंद करा. रिकाम्या रात्रीही वहीत दिसायला हव्यात.

तोंडी परीक्षेत सूत्रं क्वचित विचारतात. शुद्ध अष्टमीचा चंद्र कधी उगवतो, त्या रेखाटनात पश्चिम कुठे आहे, तिसऱ्या रात्री गुरूचे चारऐवजी तीनच चंद्र का दिसले, असं विचारतात. मूळ निरीक्षणवही सोबत न्या, स्वच्छ करून पुन्हा लिहिलेली नको.