नॅनोफायबरमधील सुपररेडियन्स मोजताना या चुका टाळा

नॅनोफायबरभोवतीच्या, म्हणजे प्रकाशाच्या तरंगलांबीहूनही बारीक काचतंतूभोवतीच्या, थंड सीझियम अणूंना लेसरचा छोटा स्पंद दिला आणि फायबरमधून येणारा प्रकाश अपेक्षेच्या निम्म्या वेळातच ओसरला, की आलेखावर ‘सुपररेडियन्स’ (अनेक अणूंनी एकत्रितपणे, एरवीपेक्षा वेगाने प्रकाश सोडणे) असे लिहून मोकळे होण्याचा मोह होतो. ८५२ नॅनोमीटरच्या संक्रमणात एकट्या सीझियम अणूच्या उत्तेजित अवस्थेचे आयुर्मान सुमारे ३० नॅनोसेकंद असते. त्यामुळे १५ नॅनोसेकंदांचा उतार सामूहिक उत्सर्जनाकडे बोट दाखवतो, हे खरे. मात्र तो उतार म्हणजेच भौतिकशास्त्रज्ञ रॉबर्ट डिकी यांनी १९५४ मध्ये मांडलेला, पूर्ण उत्तेजित अणूंचा प्रकाशस्फोट, असे समजणे चुकीचे आहे.

दुर्बल स्पंदाने थोडेच अणू उत्तेजित झाले असतील, तर त्यांच्या दोलनांची कला (फेज) लेसरनेच ठरवून दिलेली असते, आणि प्रकाशीय घनता, म्हणजे अणू मिळून प्रकाश किती अडवतात याचे माप, वाढेल तसा उतार तीव्र होत जातो. अणूंना साधे अभिजात दोलक मानूनही हे गणित सुटते. स्फोटासाठी निम्म्याहून अधिक अणू वरच्या अवस्थेत लागतात, आणि त्याची खूण उतारात नव्हे, चढात शोधावी लागते: स्पंद संपल्यावर प्रकाश आधी वाढतो, शिखर गाठतो आणि मगच ओसरतो. म्हणून स्पंदाची ऊर्जा टप्प्याटप्प्याने वाढवत प्रत्येक वेळी शिखराची वेळ नोंदवावी. बर्लिनच्या हुम्बोल्ट विद्यापीठातील गटाने २०२४ मध्ये असे स्फोट प्रसिद्ध केले; त्या मांडणीत प्रकाश मुख्यतः एकाच दिशेने जात असल्याने प्रत्येक अणूवर फक्त आधीच्या अणूंचा परिणाम होतो. अशा आकडेवारीवर, सर्व अणू एका तरंगलांबीच्या आत आहेत असे मानणारे पाठ्यपुस्तकी सूत्र बसवू नये.

डिटेक्टरची चूक सर्वांत फसवी, कारण तिच्यामुळे आलेख अधिकच देखणा दिसतो. एक फोटॉन मोजल्यावर एकल-फोटॉन डिटेक्टर काही दशक नॅनोसेकंद आंधळा असतो. एकाच स्फोटातून तीन-चार फोटॉन आले, तर पहिला नोंदला जातो आणि बाकीचे हरवतात. परिणामी शिखर अलीकडे सरकते आणि उतार खोटाच तीव्र होतो. वाटेत प्रकाश क्षीण करणारा फिल्टर लावून दर स्फोटामागे सरासरी ०.१ फोटॉनपेक्षा कमी नोंद होईल असे पाहावे. फिल्टर बदलल्यावर वक्राचा आकारही बदलला, तर दोष अणूंचा नाही.

लेसर बंद होण्याचा वेळही तपासावा. ध्वनिलहरींनी लेसर चालू-बंद करणाऱ्या ध्वनि-प्रकाशीय मॉड्युलेटरला बंद व्हायला सहज दहा-वीस नॅनोसेकंद लागतात, म्हणजे मोजायच्या घटनेइतकाच वेळ. त्यामुळे विद्युतदाबावर चालणारा जलद विद्युत-प्रकाशीय मॉड्युलेटर वापरावा आणि अणूंशिवाय घेतलेला वक्र प्रत्येक मालिकेसोबत जपून ठेवावा.

शेवटी रेंगाळणारी शेपटी दिसली, की तिला ‘सबरेडियन्स’ (अणूंनी एकत्रितपणे, एरवीपेक्षा संथपणे प्रकाश सोडणे) म्हणण्याची घाई होते. दाट मेघात फोटॉन एका अणूकडून दुसऱ्याकडे जात अडकून पडतो, तेव्हाही अशीच शेपटी दिसते. लेसरची वारंवारता अणूंच्या अनुनादापासून (ते सर्वाधिक प्रकाश शोषतात त्या वारंवारतेपासून) दूर नेल्यावर ती आखूड झाली, तर तो अडकलेला प्रकाश होय. सबरेडियन्सचा ऱ्हासकाळ या बदलाने फारसा हलत नाही.

अणुसंख्या नुसत्या प्रकाशीय घनतेवरून काढू नये. संपृक्ततेपर्यंत, म्हणजे अणू याहून अधिक शोषू शकणार नाहीत इथपर्यंत, लेसरची शक्ती वाढवल्यावर प्रत्येक सीझियम अणू सुमारे ३.८ पिकोवॅट शोषतो; एकूण शोषलेल्या शक्तीला या आकड्याने भागले, की अणूंची संख्या हाती येते.