क्लस्टरवर जॉब टाकताय? या चुका टाळा

सी-डॅक या सरकारी संस्थेने १९९१ मध्ये पुण्यात परम ८००० हा सुपरकॉम्प्युटर उभा केला, तेव्हा असं मशीन वापरायला मिळणं ही मोजक्या लोकांची गोष्ट होती. आता पुण्याच्या आयसरमध्ये परम ब्रह्म आहे, राष्ट्रीय सुपरकॉम्प्युटिंग मिशनमुळे देशातल्या इतरही संस्थांत अशी मशीन्स आली आहेत. असं मशीन म्हणजे एकत्र जोडलेल्या अनेक संगणकांचा क्लस्टर, आणि त्याला करायला दिलेलं काम म्हणजे जॉब. पीएचडीची मुलं लॅपटॉपच्या सवयी घेऊन तिथे येतात आणि अडतात ती तिथेच.

सर्वांत महाग पडणारी चूक म्हणजे कोर (प्रोसेसरमधले प्रत्यक्ष गणित करणारे भाग) मागायचे आणि वापरायचेच नाहीत. एका विद्यार्थ्याने ४८ कोरचा अख्खा नोड, म्हणजे क्लस्टरमधला एक पूर्ण संगणक, घेतला होता. "सर, लॅपटॉपपेक्षा हळू चालतंय!" जॉब संपल्यावर 'सेफ' (seff) ही वापराचा हिशेब दाखवणारी कमांड दिली, तर सीपीयूचा वापर २ टक्के. पायथन स्क्रिप्ट एकाच कोरवर चालत होती, उरलेले ४७ रिकामे. जास्त कोर दिले म्हणून प्रोग्राम आपोआप समांतर होत नाही. तो एमपीआय किंवा ओपनएमपी अशा, काम अनेक कोरवर वाटून देणाऱ्या पद्धतीने लिहिलेला असावा लागतो. तसा असला तरी मर्यादा असते. कामाचा ५ टक्के भाग एकामागून एकच करावा लागत असेल, तर ४८ कोरवर वेग साधारण १४ पटच वाढतो. म्हणून आधी छोटा जॉब १, ४, ८, १६ कोरवर चालवून बघा आणि वेळ वहीत लिहा. हा अर्धा दिवस वाया जात नाही.

जॉब रांगेत 'पेंडिंग' अडकलाय? वेळ किती मागितलाय ते बघा. सहा तासांच्या कामाला सरसकट चार दिवस मागितले, तर स्लर्मला (जॉब रांगेत लावून मशीन वाटून देणारा प्रोग्राम) तो मोठ्या जॉबांमधल्या फटीत बसवता येत नाही. अंदाजापेक्षा थोडा जास्त वेळ मागा, बस.

पण फार कमी मागितला तर मुदत संपताच जॉब मारला जातो. तेवीस तासांचं सिम्युलेशन असं गेलेलं मी पाहिलंय, आणि त्या मुलीचा चेहराही. चेकपॉइंट, म्हणजे काम कुठवर आलं याची मधूनमधून जपलेली नोंद, ठेवाच. ग्रोमॅक्स हे रेणूंच्या सिम्युलेशनचं सॉफ्टवेअर दर १५ मिनिटांनी तो आपणहून लिहितं. पुढच्या जॉबमध्ये 'सीपीआय' (-cpi) हा पर्याय दिला की तिथूनच सुरू होतं. स्वतःच्या कोडमध्ये ही सोय तुम्हालाच करावी लागेल.

'आउट ऑफ मेमरी' आलं, तर कोर वाढवून बघण्याआधी प्रत्यक्ष किती मेमरी लागली ते तपासा.

लॉगिन नोड, म्हणजे लॉगिन केल्यावर आपण ज्या मशीनवर येतो ते, फाइल सुधारायला आणि जॉब टाकायला आहे. तिथे गणित चालवलं की सगळ्यांचे टर्मिनल अडखळतात. स्क्रॅचचा, म्हणजे जॉबच्या तात्पुरत्या फाइलींच्या जागेचा, बहुधा बॅकअप नसतो, जुन्या फाइली पुसल्याही जातात. निकाल आले की त्याच दिवशी हलवा.

तरीही अडलं, तर मदत मागताना नुसतं "चालत नाहीये" लिहू नका. जॉब क्रमांक, स्क्रिप्ट कुठे आहे आणि एरर फाइलच्या शेवटच्या वीसेक ओळी पाठवा.