कुंडावर ऊन, वर पाऊस: विदर्भातल्या धबधब्यांवर जाताना या चुका टाळा

जुलै लागला की नागपूर, अमरावती, अकोल्याहून गाड्या डोंगराकडे वळतात. कोणी चिखलदऱ्याला, कोणी सालेकसा तालुक्यातल्या हाजरा फॉलला, कोणी चिमूरकडच्या मुक्ताईला, तर कोणी पैनगंगेवरच्या सहस्रकुंडाला. १५ ऑगस्टला आणि पोळ्याच्या करीला तर पाय ठेवायला जागा नसते. आणि याच दिवसांत कुठल्या ना कुठल्या डोहातून कोणाचं तरी तरणं पोर काढल्याची बातमी येते. आपले डोंगर सह्याद्रीएवढे उंच नाहीत. गाविलगडच्या रांगेतलं वैराटसुद्धा बाराशे मीटरच्या आतच आहे. त्यामुळे लोक त्यांना टेकड्या समजून चपला घालून निघतात. माझ्या मते इथला सगळ्यांत मोठा धोका पाण्याचा आहे, आणि त्यातलं बरंचसं टाळता येण्यासारखं आहे.

आपल्या डोक्यावरचं आभाळ पाहून पाण्यात उतरणं

कुंडावर लख्ख ऊन पडलेलं असतं, पाणी घोट्याएवढं असतं, आणि आपण निर्धास्त होतो. पण नाल्याला पाणी येतं ते वरच्या पठारावरून. मेळघाटातले डोंगर काळ्या पाषाणाचे आहेत. वरची माती एकदा पिऊन तृप्त झाली की पडलेला पाऊस मुरत नाही, सरळ उताराला लागतो. वर पाच-सात किलोमीटरवर सर आली, तर खाली उन्हात बसलेल्यांपर्यंत तिचा लोंढा थोड्याच वेळात पोचतो.

त्याच्या खुणा आधी दिसतात. स्वच्छ पाणी अचानक गढूळ होतं. काड्या, पालापाचोळा, फेस वाहून येऊ लागतो. धबधब्याचा आवाज जड होतो. मघाशी कोरडा असलेला दगड ओला दिसतो. यातली एकही खूण दिसली तर फोटो, डबा, चपला सगळं तिथेच टाकून आधी काठावर चढा, आणि चढताना ज्या बाजूला परतीची वाट आहे तोच काठ धरा. बरेच जण जवळचा म्हणून पलीकडचा काठ धरतात आणि मग रात्रभर तिकडेच अडकतात. पोहोचल्याबरोबर पाण्याच्या कडेला एका दगडावर खूण धरून ठेवायची सवय लावा. दर दहा-पंधरा मिनिटांनी तिच्याकडे एक नजर टाकली तरी पाणी चढतंय का ते कळतं.

धरणाखालच्या जागांना हे दुप्पट लागू आहे. सहस्रकुंडाच्या वर पैनगंगेवर इसापूर धरण आहे. त्याचे दरवाजे उघडले की नदी फुगते, मग किनवट-उमरखेडकडे थेंबही पडलेला नसो. वारी हनुमानला वान नदीवर हनुमान सागर धरण आहे. निघण्याआधी धरणातून विसर्ग चालू आहे का, एवढी एक चौकशी करा. पाणी सोडणार असतील तर नदीकाठच्या गावांना आधी सूचना देतात, त्यामुळे काठावरच्या चहाच्या टपरीवरही ती कळते.

विहिरीत पोहता येतं म्हणून कुंडात उडी मारणं

आपल्याकडे बहुतेक पोरं विहिरीत नाही तर तलावात पोहायला शिकतात. तिथलं पाणी थांबलेलं असतं. धबधब्याखालचं पाणी वरून आदळून खाली जातं, तळाशी फिरतं आणि पुन्हा धारेखाली ओढतं. शिवाय त्यात हवेचे बुडबुडे मिसळलेले असतात, त्यामुळे फेसाळ पाणी माणसाला नेहमीसारखं उचलून धरत नाही. हात मारूनही अंग वर येत नाही, आणि पट्टीचा पोहणारा तिथेच घाबरतो. तळाशी दगडांच्या कपारी असतात, पुरात वाहून आलेली झाडं अडकलेली असतात. गेल्या वर्षी जिथे पुरुषभर पाणी होतं, तिथे या वर्षी खडक असू शकतो. ओळखीच्या कुंडातही सूर मारू नका. दारू पोटात असेल तर पाण्याच्या जवळही जाऊ नका.

एक जण बुडताना दिसला की दुसरा उडी मारतो, मग तिसरा. एकाच घरातले दोघे-तिघे असे गेलेत. बुडणारा माणूस जीव वाचवायला वाचवणाऱ्यालाच खाली दाबतो, त्यात त्याचा दोष नसतो. काठावर पालथं पडून ओढणी, दोर, लांब काठी पुढे करा. पाण्याची रिकामी प्लास्टिकची कॅन झाकण घट्ट लावून फेकली तर तिच्या आधाराने माणूस तरंगतो. पाच लिटरची अशी कॅन आणि पंधरा-वीस मीटर दोर गाडीतून खाली घेऊन जायला फार कष्ट पडत नाहीत. मी तर म्हणेन, स्पीकर घरी ठेवा आणि त्या जागी दोर घ्या.

बाहेर काढलेल्या माणसाला उलटं टांगू नका, गरगर फिरवू नका, पोट दाबून पाणी काढत बसू नका. त्यात हातची मिनिटं जातात. श्वास चालत नसेल तर उताणं निजवा, हनुवटी वर करा, नाक चिमटीत धरून तोंडाने पाच श्वास द्या. मग छातीच्या मधोमध दोन्ही हातांनी जोरात ३० दाब आणि पुन्हा २ श्वास, असं मदत येईपर्यंत थांबू नका. दाबांचा वेग मिनिटाला १०० ते १२० ठेवा. दुसऱ्या माणसाला तेवढ्यात १०८ किंवा ११२ ला फोन लावायला सांगा.

रपट्यावरून पाणी वाहत असताना पाय घालणं

गावाकडच्या वाटेवर ठिकठिकाणी रपटे, म्हणजे नाल्यावरचे बुटके पूल, असतात. त्यावरून गुडघ्याएवढं वेगाचं पाणी जात असेल तर धडधाकट माणसाचेही पाय सुटतात, आणि मोटारसायकल तर त्याच्या आधीच घसरते. गढूळ पाण्याखाली रपटा शाबूत आहे की खचलाय, हे वरून दिसत नाही. डोंगरातल्या नाल्याचा पूर जसा झटकन येतो तसा उतरतोही. पाऊस थांबला तर दोन-चार तासांत बऱ्याचदा वाट मोकळी होते. म्हणून जवळ थोडा चिवडा, गूळ-शेंगदाणे आणि पिण्याचं पाणी असू द्या, आणि थांबा. घरच्यांना उशीर होईल असा निरोप पाठवा. कॉल लागत नसेल तिथे साधा एसएमएस कित्येकदा जातो.

"जाता येईल ना?" असं विचारणं

वाट विचारायला लोक गावात थांबतात, हे चांगलंच आहे. चूक होते ती प्रश्नात. मेळघाटातल्या कोरकू गड्याला किंवा दरेकसाकडच्या गोंड माणसाला तुम्ही "काकाजी, वर जाता येईल ना?" असं विचारलं, तर तो "येईल की" म्हणणारच. तो रोज जातो, आणि पाहुण्याला नाही म्हणणं त्याला बरं वाटत नाही. त्यापेक्षा असं विचारा: काल वरच्या अंगाला पाऊस झाला का? नाला कधी उतरला? तुम्ही तुमच्या पोराला आज तिकडे जाऊ द्याल का? इतक्यात अस्वल किंवा वाघ कुठे दिसला? या प्रश्नांना खरी उत्तरं मिळतात. आणि त्याने आपण होऊन "आभाय भरून आलं भाऊ, आता नाल्यात उतरू नोका" असं म्हटलं, तर वाद न घालता गाडी वळवा. गावातलाच एक जण सोबत घेतला आणि त्याला दिवसाची मजुरी दिली तर सगळ्यांत उत्तम. काय द्यायचं ते निघण्याआधी ठरवा, परत येताना घासाघीस करू नका.

परवानगीचंही इथेच विचारून घ्या. व्याघ्र प्रकल्पाच्या गाभा क्षेत्रातलं पर्यटन साधारण १ जुलै ते ३० सप्टेंबर बंद असतं, आणि अभयारण्यात परवानगीशिवाय शिरणं १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे. आडवाटेने आत गेलेला माणूस अडकला तर त्याला शोधायचं कुठे, हे वनरक्षकालाही कळत नाही.

वाट चुकल्यावर नाला धरून खाली उतरणं

"पाण्याच्या मागे जा, गाव लागेल" हा सल्ला सगळीकडे ऐकू येतो. सपाट मुलखात तो ठीक आहे, गाविलगडच्या डोंगरात जिवावर बेततो. इथला पाषाण थरांचा आहे, आणि थर संपला की नाला सरळ कड्यावरून खाली पडतो. नाला धरून उतरणारा माणूस शेवाळलेल्या काठाने थेट धबधब्याच्या माथ्यावर येऊन ठेपतो. तिथून खाली जाता येत नाही, आणि निसरड्यामुळे वरही चढता येत नाही.

वाट हरवली असं वाटलं त्याच क्षणी थांबा. शेवटची पक्की खूण आठवत असेल तर आल्या पावली तिथवर मागे जा. पावसाळ्यात गुरांच्या वाटा पायवाटेसारख्याच दिसतात, आणि सप्टेंबरपर्यंत तरोटा आणि घाणेरी इतकी माजते की सकाळची वाट दुपारी ओळखू येत नाही. जाताना प्रत्येक फाट्यावर मागे वळून एक फोटो काढून ठेवा, कारण परतीला दिसणार आहे ते तेच दृश्य. मोबाइलला रेंज नसली तरी जीपीएस चालतं, फक्त नकाशा घरूनच उतरवून घ्यायला हवा. रेंज शोधण्यात बॅटरी लवकर संपते, म्हणून फ्लाइट मोडवर ठेवा. खरंच अडकलात तर सगळे एकत्र, पाण्यापासून दूर, थोड्या मोकळ्या जागी बसा आणि ठरावीक वेळाने शिट्टी वाजवा. वन विभागाची १९२६ ही हेल्पलाइन आणि ११२ हे क्रमांक सगळ्यांच्या फोनमध्ये असावेत.

घड्याळ मुंबईचं धरणं

यूट्यूबवर पाहिलेल्या सह्याद्रीतल्या ट्रेकची वेळ इथे लावू नका. गोंदियाला सूर्य मुंबईपेक्षा जवळपास अर्धा तास आधी मावळतो. ऑक्टोबर संपता संपता तो साडेपाच-पावणेसहालाच जातो, आणि सागाच्या दाट जंगलात अंधार त्याहून आधी उतरतो. दुपारी दोनच्या पुढे नवी चढण सुरू करू नका. तीनला, जिथे असाल तिथून, परत फिरा.

अंधारात शेतांमधून उतरायची वेळ आली तर आणखी दोन धोके आहेत, आणि शहरातल्या माणसाच्या ते ध्यानीमनी नसतात. एक म्हणजे बिनकठड्याच्या विहिरी. दुसरा म्हणजे कुंपणाची तार. रानडुकरांच्या त्रासाने काही जण चोरून थेट वीजप्रवाह सोडतात. हे बेकायदा आहे, त्याने माणसंही मेली आहेत. शेताच्या कडेची कुठलीही तार ओलांडू नका, लांबचा असला तरी गाडीरस्ता किंवा पांदणच धरा.

जनावरांबद्दलच्या चुका

वाघाची भीती सगळ्यांना असते, अस्वलाचा विचार कोणी करत नाही. अस्वलाला दुरून नीट दिसत नाही, आणि वारुळ उकरण्यात गुंग असलं की माणूस अगदी जवळ येईपर्यंत त्याला पत्ता लागत नाही. मग ते दचकून अंगावर येतं. झुडपी जंगलातून जाताना मोकळ्या आवाजात बोलत, काठी आपटत चाला, एकापाठोपाठ जवळजवळ राहा. मोहफुलांच्या दिवसांत, म्हणजे मार्च-एप्रिलमध्ये, पहाटे मोहाखाली जाऊ नका. वाघाच्या भागात एकटं खाली बसणं किंवा वाकून काही वेचणं टाळा, आणि वाघ समोर आलाच तर पळू नका. त्याच्याकडे तोंड करून सावकाश मागे सरा.

कड्यांवर आग्या मोहोळ असतं. त्याच्या आसपास विडी, शेकोटी, उग्र अत्तर, आरडाओरड यातलं काहीही नको. माश्या उठल्या तर डोकं-तोंड कपड्याने झाकून दूर पळत सुटा. पाण्यात बुडी मारू नका, त्या वर घोंगावत थांबतात.

साप चावल्यावर अजूनही दोरी आवळतात, पातं मारतात, मांत्रिकाकडे नेतात. यातलं काहीच करू नका. अंगठी-कडं काढा, चावलेला हात किंवा पाय लाकडाला बांधून हलू देऊ नका, माणसाला चालवू नका, आणि प्रतिविष असलेलं सगळ्यांत जवळचं सरकारी रुग्णालय गाठा. १०८ वर विचारलं तर ते कुठे आहे हे कळतं. मण्यार चावल्याचं कित्येकदा दुखतही नाही, म्हणून "काही झालेलं दिसत नाही" म्हणत वाट पाहू नका.

विजा चमकताना पॉइंटवर थांबणं

वीज दिसल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत सेकंद मोजा. तीन सेकंदांना एक किलोमीटर. तीसच्या आत आवाज आला तर ताबडतोब कड्यावरून, पठारावरून, एकट्या मोहाच्या झाडाखालून निघा आणि पक्क्या घरात किंवा बंद गाडीत बसा. कपारीच्या तोंडाशी उभं राहणंही धोक्याचं आहे. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेने केलेलं, विजेचा इशारा देणारं दामिनी ॲप मोबाइलमध्ये ठेवा, पण रेंज नसेल तिथे मोजणंच कामाला येतं.

परत आल्यावर आलेला ताप अंगावर काढणं

पावसाळ्याच्या शेवटी गवतातून फिरलात आणि आठ-पंधरा दिवसांनी थंडी वाजून जोराचा ताप आला, तर तो "भिजल्यामुळे" असं धरून घरी गोळ्या घेत बसू नका. २०१८ मध्ये विदर्भात स्क्रब टायफसची मोठी साथ आली होती. तो गवतातल्या, डोळ्यांना जेमतेम दिसणाऱ्या किड्यांच्या अळीमुळे होतो. काखेत, जांघेत, कमरेच्या पट्ट्याखाली काळी खपली धरलेली छोटी जखम आहे का पाहा. ती दुखत नाही, म्हणून लक्षात येत नाही. गडचिरोली-गोंदियाकडून आला असाल तर मलेरियाचीही तपासणी हवी. स्क्रब टायफसवर डॉक्सिसायक्लिनसारखं साधं औषध लवकर सुरू झालं तर माणूस बरा होतो, उशीर झाला तर मूत्रपिंड, फुप्फुसांपर्यंत जातं. डॉक्टर विचारोत न विचारोत, कुठल्या जंगलात आणि कोणत्या तारखेला गेला होतात हे आपण होऊन सांगा. मुक्कामाहून आल्यावर त्याच दिवशी आंघोळ करून कपडे गरम पाण्यात भिजत घाला, आणि लहान मुलांची अंगं नीट तपासून पाहा.