मायकोरायझा बुरशी मुळाला लागू द्या, वरून भुरभुरू नका

घोडबंदर रोडची बाल्कनी असो की वाशीची गच्ची, कुंडीत आपण बहुधा लाल माती भरतो. तिच्यातलं लोह आणि ॲल्युमिनियम स्फुरदाला (फॉस्फरसला) घट्ट धरून ठेवतं. खत असतं, पण मुळाला मिळत नाही. त्यात स्फुरद मातीत जागचा फारसा हलत नाही. मुळालगतचा एक-दोन मिलिमीटरचा पट्टा रिकामा झाला की रोप उपाशी. मायकोरायझा बुरशीचे धागे त्यापलीकडे काही सेंटिमीटर जाऊन स्फुरद आणतात आणि बदल्यात रोपाकडून साखर घेतात. पीएसबी (स्फुरद विरघळवणारे) जिवाणू आम्लं सोडून अडकलेला स्फुरद मोकळा करतात.

म्हणून टोमॅटो, मिरची, वांग्याचं रोप लावतानाच खड्ड्यात, थेट मुळांना लागेल अशी चमचाभर मायकोरायझा पावडर टाका. वरून भुरभुरलेली बरीचशी वाया जाते (मी वर्षभर तेच केलं!). मुळा, कोबी, मोहरी, पालक यांचं या बुरशीशी जमतच नाही, तिथे पैसे घालवू नका. सोबत डीएपी या स्फुरदयुक्त रासायनिक खताचा मारा नको. स्फुरद आयता मिळाला की रोप बुरशीला फारसा थारा देत नाही. बुरशीनाशकाची आळवणीही (मुळाशी द्रावण ओतणं) लावणीच्या दिवसांत टाळा.