अलॉय बदलताय? टायर प्रेशर सेन्सरचं आधी बघा

नवी अलॉय बघायला गेलं की दुकानात बोलणं होतं ते डिझाइनचं, सोळा इंची की सतरा याचं, आणि जुन्या चाकांचे किती वजा होणार याचं. त्या जुन्या चाकांच्या आत बसलेल्या, हवेचा दाब मोजणाऱ्या सेन्सरचा विषय निघतो तो गाडी रस्त्यावर आल्यावर, डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला की. मग ठरलेलं उत्तर मिळतं, ‘काही होत नाही भाऊ, त्या लाइटकडे लक्षच नका देऊ.’ नागपुरातून समृद्धी महामार्गाला लागून 120 च्या वेगाने तासन्‌तास जाणाऱ्याने तरी हे ऐकू नये. हवा कमी असलेला टायर त्या वेगात आतून तापत जातो आणि स्टिअरिंगवर ते बराच वेळ जाणवतही नाही. म्हणून नव्या चाकांचा आगाऊ देण्याआधीच सेन्सरचा हिशेब मांडा.

आपल्या गाडीत काय आहे?

स्क्रीनवर चारही टायरांचे आकडे वेगवेगळे दिसत असतील, तर प्रत्येक चाकात सेन्सर आहे. क्रेटा, सेल्टॉसच्या वरच्या मॉडेलांत असाच प्रकार असतो. आकडे नाहीत, नुसता दिवा आहे आणि मेनूत ‘सेट’ करायची सोय आहे, तर गाडी बहुतेक एबीएसवरून, म्हणजे ब्रेकसाठी चाकांचा वेग मोजणाऱ्या यंत्रणेवरून, अंदाज बांधते. हवा उतरलेल्या चाकाचा घेर किंचित कमी होतो, ते बाकीच्यांपेक्षा जास्त फिरतं, तेवढ्यावरून तिला कळतं. टायगुन, व्हर्टस या जातीच्या. तुमची गाडी अशी असेल तर नवी चाकं लावा, नीट हवा भरा, मेनूतून सेट करा आणि पुढचं वाचलं नाही तरी चालेल.

जुने काढून लावायचे की नवे घ्यायचे?

सेन्सरमधला सेल सीलबंद असतो, बदलता येत नाही. तो साधारण 5 ते 10 वर्षं चालतो. गाडी दोन-तीन वर्षांची असेल तर जुनेच बसवा. सहा-सात वर्षांची असेल तर माझं मत सरळ आहे: चारही नवे घ्या. नाहीतर एकेक सेल संपत जाईल आणि दर वेळी टायर उतरवणं, बॅलन्सिंग, मजुरी, सगळं परत करावं लागेल.

नवे घेताना फ्रिक्वेन्सी बघा. आपल्याकडच्या गाड्यांत साधारणपणे 433 मेगाहर्ट्झचे सेन्सर असतात. अमेरिकी बाजारातले 315 चे स्वस्तात मिळाले तरी आपल्या गाडीला ते ऐकूच येणार नाहीत. प्रोग्रॅम करता येणारे सेन्सर मिळाले तर उत्तम, कारण जुन्याचा आयडी, म्हणजे ओळख क्रमांक, नव्यात उतरवला की गाडीला बदल झाल्याचा पत्ताही लागत नाही.

रिम हातात घेऊन बघा

पीसीडी (बोल्टच्या भोकांचं माप), ऑफसेट (चाक किती आत-बाहेर बसतं ते) दुकानदार बघतोच. सेन्सर बसतो का, हे सहसा कुणी बघत नाही. एक सेन्सर सोबत न्या आणि टायर चढवण्याआधी नुसत्या रिममध्ये लावून पाहा. सेन्सर ज्यातून बसतो ते व्हॉल्व्हचं भोक साधारण 11.5 मिलिमीटरचं असतं. नट बाहेरून सपाट बसला पाहिजे आणि सेन्सरचा डबा रिमच्या आतल्या काठाच्या वर डोकावता कामा नये, नाहीतर टायर चढवताना तोच आधी तुटेल.

मशीनवर उभं राहा

चहा प्यायला जायची ही वेळ नाही. टायर रिमपासून सोडवायला मशीनचं जे फावडं दाबलं जातं, ते नेमकं व्हॉल्व्हजवळ आलं, की सेन्सरचा चुरा. व्हॉल्व्हपाशी खडूने मोठी फुली मारा आणि पोराला सांगा, ‘इथे आत सेन्सर आहे, फावडं समोरच्या बाजूला लाव.’ चढवताना टायरची शेवटची कडा सेन्सरवर दाबली जाऊ देऊ नका.

व्हॉल्व्हचं रबर, वॉशर, नट आणि आतली पिन दर वेळी नवी घाला. पिन निकेलचा मुलामा असलेली हवी. साधी पितळी पिन अॅल्युमिनियमच्या व्हॉल्व्हमध्ये काही पावसाळ्यांनी गंजून जाम होते. त्याच कारणाने टोपीही प्लास्टिकचीच. नट गनने आवळू देऊ नका, टॉर्क पान्याने, म्हणजे ठरलेल्या जोरानेच आवळणाऱ्या पान्याने. बसवण्याआधी प्रत्येक सेन्सरवरच्या आयडीचा फोटो काढा आणि तो कुठल्या चाकात गेला ते लिहून ठेवा. बॅलन्सिंग सेन्सर बसल्यावरच.

हवा पहाटे भरा

नागपूरचं हवामान इथे आडवं येतं. तापमान साडेपाच अंशांनी उतरलं की टायरमधला दाब साधारण 1 पीएसआयने उतरतो. मेच्या 45 अंशांत 33 पीएसआय हवा भरली, तर डिसेंबरात 10 अंशांच्या पहाटे ती 27 च्या आसपास दिसेल. दिवा लागेल आणि तुम्ही सेन्सरवाल्याशी भांडाल. म्हणून दारावरच्या स्टिकरवर लिहिलेली हवा गाडी रात्रभर उभी असतानाच भरायची आणि ऋतू पालटला की पुन्हा तपासायची. लांब पल्ल्यात टायर तापून आकडा चार-पाचने वाढला तरी हवा सोडायची नाही.

गाडीशी ओळख करून द्या

बऱ्याच गाड्या ताशी 30 च्या वर दहा-वीस मिनिटं चालवल्या की नवे सेन्सर आपोआप ओळखतात. उभ्या गाडीत सेन्सर झोपलेले असतात, त्यामुळे दुकानाच्या दारात आकडे दिसले नाहीत म्हणून घाबरू नका. रिंग रोडला एक चक्कर मारून या. काही गाड्यांना मात्र ओबीडीला, म्हणजे गाडीतल्या तपासणीच्या सॉकेटला, यंत्र जोडून आयडी भरावे लागतात. ते यंत्र दुकानात आहे का, हे आधीच विचारा.

दिवा सुरुवातीला मिनिटभर लुकलुकून मग स्थिर झाला तर सहसा सेन्सरशी संपर्क नाही. लागल्यापासूनच स्थिर असेल तर हवा कमी आहे, आधी टायर बघा.

2020 पासून ट्यूबलेस टायर, प्रेशर मॉनिटर आणि पंक्चर किट असलेल्या गाडीला स्टेपनी बंधनकारक नाही. तुमची गाडी तशी असेल तर दिवा बंद करून घेणं म्हणजे दोन्हीकडून उघडं पडणं. किटमधलं द्रव वापरलंच, तर पंक्चर काढताना सेन्सरचं बारीक छिद्र पुसून घ्यायला सांगा.

आणि जुनी चाकं वजा करून देताना त्यांतले सेन्सर आधी काढून घ्या. चाकांच्या भावात दुकानदार सेन्सरचा एक रुपयाही धरत नाही.