युरोपने अमेरिकेला सुनावलं? ती बातमी वाचायची कशी

दर चार वर्षांनी हे ठरलेलंच आहे. अमेरिकेत निवडणूक लागते, तिकडे बर्लिन नाहीतर माद्रिदमधून एखादा मंत्री काहीतरी बोलतो, आणि आपल्याकडे फॅमिली ग्रुपवर "युरोपने अमेरिकेला सुनावलं" असा फॉरवर्ड येऊन पडतो. त्यात खरं किती आणि घरच्या मतदाराला दाखवायला किती, हे ओळखायला अर्थशास्त्राची डिग्री लागत नाही, थोडा संशयी स्वभाव असला की भागतं.

सगळ्यात आधी तारीख बघा. २००८ घ्या. २४ जुलैला ओबामा (तेव्हा नुसते उमेदवार) बर्लिनच्या विजयस्तंभापाशी बोलले आणि ऐकायला २ लाखांच्या आसपास पब्लिक, ज्यातल्या बहुतेकांना अमेरिकेत मतदानाचा हक्कच नाही. १५ सप्टेंबरला लेहमन ब्रदर्स ही अमेरिकेतली मोठी बँक घरकर्जांच्या घोळात बुडाली. २५ सप्टेंबरला जर्मनीचे अर्थमंत्री पेअर श्टाइनब्रुक संसदेत म्हणाले की जागतिक वित्तव्यवस्थेतलं अमेरिकेचं महासत्तापद आता जाणार, आणि त्याच दिवशी तिकडे तुलाँमध्ये फ्रान्सचे अध्यक्ष सार्कोझी मोकाट बाजाराचे दिवस संपले म्हणून सांगत होते. म्हणजे उमेदवार लाडका आणि देश गुन्हेगार. आता कॅलेंडर चारच दिवस पुढे न्या, २९ सप्टेंबरला म्युनिकच्या हायपो रिअल इस्टेट बँकेला वाचवायला ३५ अब्ज युरोंची तजवीज जाहीर करावी लागली, आणि तिची गोची अमेरिकेतल्या घरकर्जांपेक्षा तिच्या आयर्लंडमधल्या उपकंपनीची होती, अल्पमुदतीचं कर्ज उचलायचं आणि दीर्घमुदतीचं वाटायचं हा धंदा. ड्युसेलडॉर्फची आयकेबी बँक तर २००७ च्या उन्हाळ्यातच सबप्राइमचे कागद (म्हणजे पत कमी असलेल्यांना दिलेल्या अमेरिकी घरकर्जांवरचे रोखे) घेऊन तोंडावर आपटली होती. कागद अमेरिकेने विकले हे शंभर टक्के खरं, पण घेतले कोणी? आपलं ठेवायचं झाकून, दुसऱ्याचं बघायचं वाकून.

मग आकडा आला असेल तर तो शेजारच्या देशाला लावून बघा. ही माझी सगळ्यात आवडती ट्रिक आहे, दहा मिनिटांत होते. ३ ऑक्टोबर २०१२, डेन्व्हरची डिबेट. ओबामांविरुद्ध अध्यक्षपदाला उभे असलेले मिट रॉम्नी म्हणाले की स्पेन अर्थव्यवस्थेच्या ४२ टक्के सरकारवर खर्च करतो, आपणही ४२ वर आलोय आणि मला स्पेनच्या वाटेने जायचं नाही. स्पेनच्या नेत्यांना हे चांगलंच झोंबलं, परराष्ट्रमंत्री गार्सिया-मार्गायो यांनी उघड नाराजी दाखवली. आता त्याच वर्षी जर्मनीचा सरकारी खर्च बघा, ४५ टक्क्यांच्या आसपास, म्हणजे रॉम्नींनी स्पेनला लावलेल्या त्या ४२ पेक्षा जास्त, आणि जर्मनी मस्त चाललेला. म्हणजे दुखणं खर्चाचं नसणार. थोडं मागे गेलात तर अजून मजा आहे, २००७ मध्ये स्पेनचं बजेट शिलकीत होतं आणि सरकारी कर्ज जीडीपीच्या साधारण ३६ टक्के, तेव्हा जर्मनीचं ६० च्या वर. स्पेनला बुडवलं घरांच्या फुग्याने, बांधकाम थांबलं, बँका अडकल्या, बेरोजगारी २५ टक्क्यांवर गेली आणि मग सरकारचा हिशोब कोसळला. रॉम्नींनी स्पेनच्या नावाने भलतंच बिल फाडलं.

पण स्पेनचे नेते चिडले ते त्यांच्यावर अन्याय झाला एवढ्यासाठीच असं समजू नका. जूनमध्येच त्यांनी बँकांसाठी युरोपकडे १०० अब्ज युरोपर्यंतची मदत मागितली होती, घरात कपात चालू, बाजाराचा विश्वास टिकवायची धडपड, अशात सहा-सात कोटी लोक बघतायत त्या डिबेटमध्ये आपलं नाव निघणं परवडणारं नव्हतं. म्हणून बोलणाऱ्याच्या घरात त्या आठवड्यात काय शिजतंय तेही शोधाच.

पुढचं, उमेदवार आणि अध्यक्ष हे एकच माणूस समजू नका. बर्लिनमध्ये टाळ्या घेणारे ओबामा २०११ मध्ये युरोपच्या संकटाने जग घाबरलंय असं म्हणायला लागले (स्वतःची निवडणूक वर्षावर आलेली, नोकऱ्या वाढत नव्हत्या), तेव्हा जर्मन अर्थमंत्री शॉयब्ले यांचं उत्तर साधारण असं की दुसऱ्याला सल्ला देणं नेहमीच सोपं असतं. २०२२ मध्ये अध्यक्ष बायडन, म्हणजे युरोपचा आवडता माणूस, त्यांनी ३६९ अब्ज डॉलरचा हवामान-ऊर्जा कायदा आणला आणि उत्तर अमेरिकेत जुळवलेल्या इलेक्ट्रिक गाड्यांना सवलती दिल्या, तर फ्रान्सचे अध्यक्ष मॅक्रॉन थेट वॉशिंग्टनला जाऊन चिडचिड करून आले. पैशाची गोष्ट आली की लाडका-दोडका कोणी उरत नाही.

ट्रम्पच्या बातम्यांना एक एक्स्ट्रा पायरी लागते, ती म्हणजे "वस्तू" आणि "सेवा" वेगळ्या काढणं. युरोप आम्हाला लुटतो असं ते म्हणतात तेव्हा गाड्या, औषधं, वाइन मोजतात. २०२४ मध्ये वस्तूंच्या व्यापारात युरोपियन युनियनला अमेरिकेशी साधारण १९८ अब्ज युरोंचा फायदा होता हे खरं, पण सॉफ्टवेअर, क्लाउड, जाहिराती, पेटंट अशा सेवांमध्ये साधारण १४८ अब्जांचा तोटा. गोळाबेरीज ५० अब्ज. ब्रसेल्सवाले (म्हणजे युरोपियन युनियनचं मुख्यालय) अर्थातच ५० चाच आकडा पुढे करतात, त्यामुळे बातमीत एकच आकडा दिसला की तो कोणाच्या सोयीचा आहे ते ओळखा.

आणि "युरोप म्हणाला" असं हेडिंग दिसलं की कोणता युरोप हे विचारा. २७ जुलै २०२५ ला ट्रम्पच्या स्कॉटलंडमधल्या टर्नबेरीच्या गोल्फ रिसॉर्टवर युरोपियन मालावर १५ टक्के टॅरिफचा (आयातशुल्काचा) सौदा झाला, तर फ्रान्सचे पंतप्रधान बायरू म्हणाले काळा दिवस, शरणागती, आणि जर्मनीचे चान्सलर मेर्त्स यांनी स्वागत केलं. कारण साधं आहे, जर्मन गाड्यांवर तेव्हा २७.५ टक्के लागत होते, त्यांना १५ म्हणजे सुटका.

एवढं करून तुम्हाला खरं काय ते कळलं तरी न्यू जर्सीतल्या चुलतभावाला कोणाला मत द्यायचं ते शिकवायला जाऊ नका. २००४ मध्ये ब्रिटनच्या गार्डियन या दैनिकाने वाचकांना ओहायोतल्या क्लार्क काउंटीच्या मतदारांना पत्रं लिहायला लावली होती. तिकडून शिव्या आल्या, आणि २००० मध्ये बुशविरुद्ध अल गोर जिंकलेल्या त्या काउंटीत या वेळी बुश जिंकले.