चेक इंजिनचा दिवा लागल्यावर: पेट्रोल गाडीचे सेन्सर, इग्निशन आणि धूर-नियंत्रण यंत्रणा यांची देखभाल कशी करावी

डॅशबोर्डवरचा इंजिनाच्या चित्राचा पिवळा दिवा लागला की काही गाडीमालक ‘गाडी तर चालतेय’ म्हणून महिनोन्‌महिने दुर्लक्ष करतात, तर काही जण गॅरेजमध्ये जाऊन ‘जो काही सेन्सर असेल तो बदलून टाका’ असे सांगून मोकळे होतात. दोन्ही मार्ग खर्चिक आहेत. दिव्यामागे साठवलेला कोड बिघाड कुठे जाणवला एवढेच सांगतो, तो कशामुळे झाला हे सांगत नाही. सेन्सरचे नाव असलेला कोड येऊनही सेन्सर निर्दोष असण्याची शक्यता मोठी असते. दोष बहुधा सैल कनेक्टरमध्ये, तडकलेल्या होजमध्ये (रबरी नळीत) किंवा झिजलेल्या स्पार्क प्लगमध्ये सापडतो. म्हणून पुढील क्रम जाणीवपूर्वक स्वस्त आणि सोप्या तपासणीपासून महागड्या भागांकडे जातो. तो बीएस-४ आणि बीएस-६ या प्रदूषण मानकांच्या साध्या पेट्रोल गाड्यांसाठी आहे. डिझेल गाडीची धूर-नियंत्रण यंत्रणा वेगळी असते आणि ती येथे घेतलेली नाही. गाडी वॉरंटीत असेल तर खालील कामांपैकी वाचन आणि निरीक्षण एवढेच स्वतः करावे.

तयारी आणि सुरक्षितता

लागणारी साधने फार नाहीत: ब्लूटूथवर मोबाइलला जोडता येणारा ओबीडी स्कॅनर (गाडीने साठवलेले बिघाडाचे कोड वाचणारे यंत्र), साधा डिजिटल मल्टिमीटर, दहा नंबरचा पाना, प्लग खोलण्याची रबर किंवा चुंबक असलेली गोटी (सॉकेट), लांब एक्स्टेन्शन, फिलर गेज, थ्रॉटल बॉडी क्लीनर आणि इलेक्ट्रिकल कॉन्टॅक्ट क्लीनर. टॉर्क रेंच मिळाला तर उत्तम.

इंजिन पूर्ण थंड झाल्यावरच प्लग आणि सायलेन्सरच्या बाजूची कामे करावीत. इंजिन चालू ठेवून करायची तपासणी मोकळ्या जागेतच करावी, कारण बंद पार्किंगमध्ये साचणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. कॉइल (प्लगला ठिणगीसाठी उच्च व्होल्टेज देणारा भाग) किंवा कनेक्टर काढण्यापूर्वी इग्निशन बंद करून बॅटरीची निगेटिव्ह तार सोडवावी. मात्र त्याआधी कोड वाचून लिहून ठेवावेत, कारण बॅटरी काढल्यावर अनेक गाड्यांतील साठवलेली माहिती पुसली जाते.

आधी वाचन

आपल्याकडे एप्रिल २०१३ पासून पेट्रोल गाड्यांना ओबीडी-२ यंत्रणा लागू झाली. तिचे सोळा पिनांचे सॉकेट बहुधा स्टिअरिंगखाली, डॅशबोर्डच्या खालच्या कडेला असते. स्कॅनर त्यात बसवून इग्निशन चालू करावे, इंजिन चालू करू नये. दिसतील ते सर्व कोड आणि ‘फ्रीझ फ्रेम’ लिहून घ्यावी. कोड पडला त्या क्षणी इंजिनाचा वेग, तापमान आणि भार किती होता हे फ्रीझ फ्रेममध्ये नोंदलेले असते, आणि तपासात या नोंदीचा उपयोग कोडइतकाच होतो.

याच स्थितीत दोन तपासण्या फुकटात होतात. गाडी रात्रभर उभी असेल तर सकाळी कूलंटचे तापमान आणि आत येणाऱ्या हवेचे तापमान जवळजवळ सारखे दिसले पाहिजे. त्यांत मोठी तफावत असेल तर दोहोंपैकी एक सेन्सर किंवा त्याची वायर चुकीचे सांगत आहे. कूलंट सेन्सर इंजिन कायम थंड असल्याचे सांगत राहिला तर ईसीयू (इंजिन नियंत्रित करणारा संगणक) गरजेपेक्षा जास्त पेट्रोल सोडत राहतो, ॲव्हरेज घसरते आणि प्लग काळे पडतात. दुसरी तपासणी मॅप सेन्सरची. आपल्याकडच्या बहुतेक छोट्या गाड्यांत हवेचे वस्तुमान थेट मोजणारा एमएएफ सेन्सर नसतो. मॅनिफोल्डमधील (सिलिंडरांकडे हवा नेणाऱ्या नळ्यांमधील) दाब मोजणाऱ्या मॅप सेन्सरवरून ईसीयू हवेचा हिशोब करतो. इंजिन बंद असताना या सेन्सरने बाहेरच्या हवेचा दाब दाखवला पाहिजे: मुंबईत सुमारे १०० किलोपास्कल, पुण्यात ९५ च्या आसपास, महाबळेश्वरला ८६ च्या जवळपास. पुण्यात उभी असलेली गाडी ७५ दाखवत असेल तर सेन्सर किंवा त्याचा कनेक्टर तपासायला घ्यावा. इंजिन गरम होऊन आयडलवर (ॲक्सिलरेटर न दाबता) चालू लागल्यावर हाच आकडा साधारण ३० ते ४० च्या दरम्यान यावा.

यानंतर फ्युएल ट्रिम पाहावा. माझ्या मते ओबीडीवर दिसणाऱ्या सगळ्या आकड्यांत हा सर्वांत बोलका आकडा आहे, आणि अनेक गॅरेजांत त्याच्याकडे कोणी पाहतही नाही. धुरातील ऑक्सिजन मोजणाऱ्या ऑक्सिजन सेन्सरच्या सांगण्यावरून ईसीयू मूळ हिशोबापेक्षा किती टक्के जास्त किंवा कमी पेट्रोल सोडत आहे, हे ट्रिम सांगतो. दीर्घकालीन ट्रिम अधिक किंवा उणे दहा टक्क्यांच्या आत असेल तर साधारणपणे चिंता नसते. ई-२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेले) पेट्रोल भरलेल्या जुन्या गाडीत तो चारपाच टक्के अधिकच्या बाजूला दिसणे स्वाभाविक आहे, कारण इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असल्याने तेवढ्याच हवेसाठी इंधन जास्त लागते. पण ट्रिम आयडलवर अधिक २० असेल आणि इंजिन २५०० आरपीएमवर नेताच ५ वर येत असेल, तर, विशेषतः एमएएफ असलेल्या गाडीत, ईसीयूच्या हिशोबात नसलेली हवा कुठून तरी आत शिरते आहे असे समजावे. आयडलला एकूण हवा थोडी असते, म्हणून गळतीचा वाटा मोठा ठरतो. वेग वाढल्यावर तीच गळती नगण्य होते. उलट ट्रिम आयडलवर ठीक असून चढावर किंवा जोरात पळवताना वाढत असेल, तर इंधनाचा दाब, फिल्टर किंवा पंप यांच्याकडे पाहावे. ‘मिश्रण पातळ’ (हवेच्या मानाने पेट्रोल कमी) असे सांगणारा पी ०१७१ हा कोड आला की ऑक्सिजन सेन्सर बदलण्याची घाई केली जाते. प्रत्यक्षात त्या सेन्सरने पातळ मिश्रण पातळ म्हणूनच कळवलेले असते.

होज, वायरी आणि कनेक्टर

बॉनेट उघडून एअर फिल्टरपासून थ्रॉटलपर्यंतची (इंजिनात जाणारी हवा कमीजास्त करणाऱ्या झडपेपर्यंतची) रबरी नळी, ब्रेक बूस्टरची होज, पीसीव्ही व्हॉल्व्हची (इंजिनाच्या तळातील वायू परत आत ओढणाऱ्या झडपेची) होज आणि पर्ज व्हॉल्व्हची (टाकीतील पेट्रोलची वाफ इंजिनात सोडणाऱ्या झडपेची) नळी हाताने वाकवून पाहावी. तडे वरून दिसत नाहीत, वाकवल्यावर उघडतात. पीसीव्ही व्हॉल्व्ह काढून हलवल्यावर आत खडखड झाली पाहिजे. तो तेलाच्या चिकट्याने बंद झाला असेल तर बदलावा, कारण तो स्वस्त असतो आणि त्याच्यामुळे सील पाझरू लागतात.

पावसाळ्यात दोन गोष्टी विशेष पाहाव्यात. उंदीर उबेसाठी इंजिनाजवळ येतात आणि वायरींचे आवरण कुरतडतात. कोकणात आणि सोसायट्यांच्या उघड्या पार्किंगमध्ये तर हे नित्याचे आहे. दुसरे म्हणजे कनेक्टरच्या पिनांवर चढणारा हिरवट गंज. कनेक्टरचा खटका दाबून तो सरळ ओढावा, वायर धरून ओढू नये. आत कॉन्टॅक्ट क्लीनर मारावा, सुकू द्यावा आणि ‘टक्‌’ आवाज येईपर्यंत परत बसवावा. सेन्सरची ‘सर्व्हिसिंग’ म्हणजे बहुतांशी एवढेच काम असते. सर्व्हिसिंगच्या वेळी इंजिनावर प्रेशरचे पाणी मारून ते चकचकीत करून देण्याची पद्धत मात्र नाकारावी. ते पाणी कॉइलच्या खोबणीत साचते आणि दुसऱ्या दिवशी गाडी ‘मिसिंग’ करू लागते.

थ्रॉटल बॉडी आणि मॅप सेन्सर

आयडल वरखाली होत असेल किंवा सिग्नलला गाडी बंद पडत असेल तर थ्रॉटलच्या पाकळीच्या कडेला काजळी जमली असण्याचा संभव असतो. रबरी नळी काढून, कापडावर क्लीनर घेऊन पाकळीच्या दोन्ही बाजू आणि तिच्याभोवतीची कड पुसावी. इलेक्ट्रॉनिक थ्रॉटल असेल तर बॅटरी सोडलेली असावी, इग्निशन चालू असताना पाकळी बोटाने ढकलू नये आणि क्लीनरची धार मोटरच्या बाजूला जाऊ देऊ नये. काजळी निघाल्यावर हवा वाढते आणि ईसीयूची जुनी सवय मोडते, त्यामुळे काही काळ आयडल चढलेला राहतो. काही गाड्यांत तो आपोआप जुळतो, काहींत स्कॅनरने पुन्हा शिकवावा लागतो.

मॅप सेन्सरच्या टोकावरचे तेल कॉन्टॅक्ट क्लीनरच्या हलक्या फवाऱ्याने घालवावे, छिद्रात काडी खुपसू नये. एमएएफ असलेल्या गाडीत त्याच्यासाठीचाच क्लीनर वापरावा.

प्लग आणि कॉइल

मिसफायर (सिलिंडरमधील मिश्रण नीट न पेटणे) असल्यास येथूनच सुरुवात केली तरी चालेल. पी ०३०० हा कोड कोणत्याही सिलिंडरमधील मिसफायर दाखवतो, तर पी ०३०१ ते पी ०३०४ हे त्या त्या क्रमांकाच्या सिलिंडरचे कोड आहेत. दिवा सतत लागून न राहता लुकलुकत असेल तर गाडी जोरात पळवू नये. न जळलेले पेट्रोल सायलेन्सरच्या मार्गातील कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (धुरातील घातक वायू कमी करणाऱ्या भागात) जाऊन पेटते आणि त्याची आतली जाळी वितळू शकते. काहीशे रुपयांच्या प्लगपायी हजारोंचा भाग जातो.

प्रत्येक प्लगवर स्वतंत्र कॉइल असल्यास कॉइलचा एक बोल्ट काढून ती हळूच फिरवत वर ओढावी. प्लग सोडवण्यापूर्वी खोबणीतील माती हवेने उडवावी, नाहीतर ती थेट सिलिंडरमध्ये पडते. काढलेले प्लग सिलिंडरच्या क्रमानेच ठेवावेत, कारण त्यांचा रंग वाचायचा असतो. टोक फिकट तपकिरी किंवा करडे असेल तर ज्वलन ठीक आहे. कोरडी काळी काजळी जास्त पेट्रोल किंवा कमकुवत ठिणगी सुचवते. ओले तेल रिंग किंवा व्हॉल्व्ह सीलकडे बोट दाखवते. पांढरे पडून फोड आलेले टोक जास्त उष्णतेचे किंवा पातळ मिश्रणाचे लक्षण असते. चारांपैकी एकच प्लग वेगळा दिसला तर दोष त्या सिलिंडरपुरता, आणि चारही सारखेच काळे असले तर तो सर्वांना समान असलेल्या सेन्सरचा किंवा इंधन दाबाचा असतो.

साधे निकेलचे प्लग साधारण ३० ते ४० हजार किलोमीटरला आणि इरिडियमचे ८० हजार ते १ लाखाच्या दरम्यान बदलावेत. अंतिम शब्द गाडीच्या पुस्तिकेचा. प्लगच्या टोकांमधला गॅपही पुस्तिकेतलाच ठेवावा, तो बहुतेक गाड्यांत ०.७ ते १.१ मिलिमीटरच्या दरम्यान असतो. इरिडियमचे बारीक टोक वाकवू किंवा घासू नये. सीएनजीवर चालणाऱ्या गाडीत ठिणगीला जास्त व्होल्टेज लागते, म्हणून प्लग लवकर झिजतात आणि कमकुवत होऊ लागलेली कॉइल प्रथम सीएनजीवरच उघडी पडते. ‘पेट्रोलवर मस्त चालते, सीएनजीवर झटके देते’ या तक्रारीत किटची ट्यूनिंग करण्याआधी प्लग आणि कॉइल पाहावेत.

नवा प्लग प्रथम गोटी हातानेच फिरवून बसवावा. दोनतीन आटे सहज गेले नाहीत तर तो तिरका शिरतो आहे, तेव्हा बाहेर काढून पुन्हा प्रयत्न करावा. ॲल्युमिनियम हेडचे आटे गेले तर काम फार वाढते. टॉर्क रेंच नसेल तर हाताने टेकल्यावर नव्या वॉशरचा प्लग साधारण अर्धा फेरा आवळावा, जुनाच परत बसवत असल्यास फेऱ्याचा जेमतेम बारावा भाग पुरतो.

कॉइलवर संशय असल्यास नवी विकत घेण्यापूर्वी पहिल्या आणि दुसऱ्या सिलिंडरच्या कॉइली अदलाबदल करून कोड पुसावा. गाडी चालवल्यावर पी ०३०१ च्या जागी पी ०३०२ आला तर कॉइल दोषी. कोड जागचा हलला नाही तर प्लग, इंजेक्टर किंवा कॉम्प्रेशन पाहावे. चालू इंजिनावर प्लगची वायर उपटून ठिणगी पाहण्याची जुनी रीत आता पूर्ण सोडावी. तिथे वीस हजार व्होल्टच्या वर दाब असतो, आणि कॉइल व कन्व्हर्टर दोन्ही धोक्यात येतात.

गाडी गरम झाल्यावर अचानक बंद पडते आणि अर्ध्या तासाने निमूट चालू होते, अशी तक्रार असेल तर क्रँकशाफ्ट सेन्सर (इंजिनाचे फिरणे ईसीयूला कळवणारा) तपासावा. त्याच्या चुंबकी टोकाला लोखंडाचा कीस चिकटला असेल तर पुसावा. गरम झाल्यावर सिग्नल जात असेल तर तो बदलण्यावाचून इलाज नाही.

ऑक्सिजन सेन्सर, कन्व्हर्टर आणि पेट्रोलची वाफ

कन्व्हर्टरच्या आधीचा ऑक्सिजन सेन्सर गरम इंजिनावर साधारण ०.१ ते ०.९ व्होल्टच्या दरम्यान सतत झुलत राहिला पाहिजे. नंतरचा मात्र ०.६ ते ०.७ च्या आसपास जवळजवळ स्थिर हवा. मागचाही पुढच्यासारखाच झुलू लागला तर कन्व्हर्टरची क्षमता गेली आहे आणि पी ०४२० हा कोड येतो. पण निष्कर्षाआधी दोन्ही सेन्सरांच्या मधल्या पाइपात गळती नाही ना, हे पाहावे, कारण बाहेरची हवा आत ओढली गेल्यास हीच लक्षणे दिसतात. थंड कन्व्हर्टरवर रबरी हातोडीने हलके ठोकल्यावर आत तुकडे वाजले तर जाळी फुटली आहे. काही गाड्यांत पुढचा सेन्सर रुंदपट्टी (वाइडबँड) प्रकारचा असतो. त्याला वरचे आकडे लागू होत नाहीत. ऑक्सिजन सेन्सर पेट्रोलने धुऊन नवा होत नाही, आणि इंजिनाच्या कामात साधे सिलिकॉन सीलंट वापरल्यास त्याच्या वाफेने तो निकामी होतो. शिसे तर कन्व्हर्टरला विषच. म्हणूनच १९९५ मध्ये मुंबईसह चार महानगरांत कन्व्हर्टरच्या नव्या गाड्यांबरोबर बिनशिशाचे पेट्रोल आणावे लागले आणि २००० मध्ये देशभर शिशाचे पेट्रोल बंद झाले.

टाकीतील पेट्रोलची वाफ कोळशाच्या कॅनिस्टरमध्ये साठते आणि पर्ज व्हॉल्व्ह ती इंजिनात सोडतो. पेट्रोल भरल्यावर लगेच गाडी चालू व्हायला त्रास देत असेल तर हा व्हॉल्व्ह उघडाच अडकला असावा. तो काढून, वीज न देता एका बाजूने फुंकावे. हवा पलीकडे जाता कामा नये. पंपावर नोझल एकदा आपोआप बंद झाल्यावर ‘राउंड फिगर’साठी आणखी पेट्रोल भरू देऊ नये. ते द्रवरूपात कॅनिस्टरमध्ये जाऊन कोळसा भिजवते.

कोड पुसणे आणि पीयूसी

दुरुस्तीनंतर कोड पुसून गाडी शहरात आणि हमरस्त्यावर अशी दोन्हीकडे चालवावी आणि पुन्हा वाचन करावे. कोड पुसल्यावर गाडीच्या स्वयंतपासणीचे मॉनिटर रिकामे होतात, ते पूर्ण होईपर्यंत दिवा लागला नाही म्हणजे दोष गेला असे धरू नये. पीयूसीसाठी जाण्यापूर्वी पंधरावीस मिनिटे गाडी चालवून कन्व्हर्टर तापू द्यावा, कारण सुमारे ३०० अंशांखाली तो नीट काम करत नाही. बीएस-४ आणि त्यापुढील पेट्रोल गाडीला आयडलवर कार्बन मोनॉक्साइड ०.३ टक्के आणि हायड्रोकार्बन २०० पीपीएम ही मर्यादा आहे. २५०० आरपीएमच्या आसपास कार्बन मोनॉक्साइड ०.२ टक्क्यांच्या आत आणि लॅम्डा (हवा आणि पेट्रोल यांच्या प्रमाणाचा आकडा) ०.९७ ते १.०३ असावा लागतो. केवळ शिक्क्यापुरते न थांबता छापील आकडे मागून घ्यावेत आणि मागच्या पावतीशी ताडून पाहावेत. कार्बन मोनॉक्साइड वाढला असेल तर मिश्रण गडद झाले आहे (हवेच्या मानाने पेट्रोल जास्त आहे), म्हणून कूलंट सेन्सर, पर्ज व्हॉल्व्ह आणि ट्रिमकडे परत जावे. एकटा हायड्रोकार्बन वाढला असेल तर प्लग पुन्हा खोलून पाहावेत.